दोन थरांमधलं पाणी: भाकीत की आपलंच प्रतिबिंब?

एकरेणू:
ग्राफीनच्या (कार्बनच्या एक अणू जाडीच्या पत्र्याच्या) दोन थरांत अडकलेल्या पाण्याची संगणकी सिम्युलेशन्स पाहिली की वाटतं, यात नवं काय कळलं आणि आपणच आधी काय भरलं होतं? एसपीसी/ई, टिप४पी/२००५ ही पाण्याच्या रेणूची मॉडेल्स मोकळ्या पाण्यावर बेतलेली. टिप३पी या आणखी एका मॉडेलची श्यानता तर खऱ्या पाण्याच्या जेमतेम एक तृतीयांश. ते घेऊन फटीतल्या प्रवाहाचा वेग काढायचा?

भिंतीचंही, म्हणजे ग्राफीनच्या थराचंही, तेच. कार्बन आणि पाण्यातल्या आकर्षणाचे २००३ सालचे बरेच वापरले गेलेले आकडे ८६ अंशांच्या संपर्ककोनाशी (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन; आकर्षण जास्त तितका तो लहान) जुळवलेले आहेत. पुढे कळलं की हवेतली हायड्रोकार्बन्स ग्रॅफाइटवर पटकन बसतात आणि ताज्या पृष्ठभागावर कोन बराच कमी भरतो. म्हणजे मळक्या भिंतीचं आकर्षण आपण स्वच्छ भिंतीला चिकटवलं.

बर्फाळ:
साफ असहमत. २०१८ मध्ये मँचेस्टरच्या गटाने मोजलं: नॅनोमीटरभर जाडीच्या पाण्याचा भिंतीला काटकोनातला विद्युत पारगम्यतांक (विद्युत क्षेत्राला पाणी किती प्रतिसाद देतं त्याचं माप) ८० वरून २ च्या आसपास येतो. भिंतीजवळचे रेणू सहज वळत नाहीत आणि हा अंक घसरतो, हे सिम्युलेशनवाले त्याआधीपासून सांगत होते. हे प्रतिबिंब कसं?

आणि प्रयोग तरी कुठे सोवळे? २०१५ चा ‘चौकोनी बर्फ’ आठवा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीत ग्राफीनच्या थरांमध्ये चौकोनी जाळी दिसली, आणि त्याच वर्षी दुसऱ्या गटाने विचारलं, हे मीठ तर नव्हे?

एकरेणू:
हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण! त्याच पेपरमध्ये सिम्युलेशननेही चौकोनी बर्फाला होकार दिला होता. जोडीदार मान डोलावणारा असेल तर त्याच्या साक्षीला काय किंमत?

बर्फाळ:
‘असा बर्फ होऊ शकतो’ आणि ‘चित्रात दिसतो तो बर्फच’ ही दोन वेगळी विधानं आहेत. सिम्युलेशन पहिल्याबद्दलच बोलत होतं.

आडवाछेद:
दोघेही मॉडेलवरून भांडताय, पण गडबड त्याआधीच होते. दोन थरांतलं अंतर ०.७ नॅनोमीटर घ्या. हे कार्बनच्या केंद्रापासून केंद्रापर्यंतचं. अणूंची स्वतःची जागा म्हणून साधारण ०.३४ वजा केले की पाण्याला उरतात ०.३६. आता घनता काढा: रेणू तेवढेच, पण कुठल्या जाडीने भागलं यावर उत्तर जवळजवळ दुप्पट होतं! सिम्युलेशनच्या पेटीत रेणू किती घालायचे हेही अनेकदा याच हिशोबाने ठरतं. जास्त कोंबले की दाब वाढतो, पाणी गोठल्यासारखं वागतं आणि आपण ‘नवी अवस्था सापडली’ म्हणून नाचतो. (मीही एकदा नाचलोय. आठवडाभर.)

बर्फाळ:
मान्य, पण यावर उपाय आहे. फटीची दोन्ही तोंडं पाण्याच्या साठ्यात उघडी ठेवा, किती रेणू आत शिरायचे ते पाण्यालाच ठरवू द्या. आकर्षणाच्या आकड्यांसाठी आता पुंजयामिकी गणितावर शिकवलेली मशीन लर्निंग पोटेन्शियल्स (अणूंमधली ओढाताण सांगणारी सूत्रं) आहेत.

एकरेणू:
साठ्याची कल्पना पटली. पोटेन्शियलची नाही. ती ज्या डीएफटीवर (त्याच पुंजयामिकी गणिताच्या एका पद्धतीवर) शिकवली, त्यात कुठलं फंक्शनल (त्या पद्धतीतलं अंदाजी सूत्र) निवडलं यावर पाण्याची घनतासुद्धा हलते. मळकी भिंत गेली, निवडीचा प्रश्न एक मजला वर सरकला.

आडवाछेद:
सरकू दे. फंक्शनल कुठलं ते निदान पेपरात लिहिलेलं असतं. घनता काढताना जाडी कुठली धरली, हे मात्र मला दर वेळी पेपरच्या पुरवणीत खोदून काढावं लागतं.