मायकेल जॅक्सनचा पांढरा चेहरा : शिल्प पाहायचे की माणूस?

गंगापूररोडकर (प्रश्न)

आमच्या वाचनमंडळात दर महिन्याला कोणी तरी एका कलाकृतीची छायाचित्रे दाखवतो आणि तिच्यावर तासभर चर्चा होते. गेल्या रविवारी मी जेफ कून्स या अमेरिकी शिल्पकाराचे १९८८ मधील ‘मायकेल जॅक्सन अँड बबल्स’ हे शिल्प निवडले होते. चिनी मातीच्या या शिल्पाची लांबी सुमारे पावणेदोन मीटर आहे. फुलांनी भरलेल्या बैठकीवर गायक रेलून बसला आहे, त्याच्याजवळ त्याचा पाळलेला चिंपांझी आहे, दोघांचे कपडे सोनेरी आहेत आणि दोघांचेही चेहरे पांढरेशुभ्र आहेत.

पहिल्याच मिनिटाला एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, ‘त्याला गोरे व्हायचेच होते, शिल्पकाराने ते करून दिले.’ सगळे हसले आणि उरलेला तास त्याचे नाक, शस्त्रक्रिया आणि खटले यांतच गेला. चर्चा पुन्हा शिल्पाकडे वळवणे मला जमले नाही. म्हणून जाणकारांना विचारतो : हा पांढरेपणा वंशाविषयीचे भाष्य आहे, की तो केवळ चिनी मातीचा रंग आहे? आणि ज्याच्याविषयी सर्वांना आधीच सर्व काही ठाऊक असते, अशा माणसाचे शिल्प शिल्प म्हणून पाहता येते का?

भट्टीवाला

मी मातीकाम शिकवतो, त्यामुळे मातीपासूनच सुरुवात करतो. पोर्सिलेन, म्हणजे चिनी माती, मुळातच पांढरे भाजले जाते आणि सोनेरी काम साधारणपणे झिलईवर, नंतरच्या कमी तापमानाच्या भट्टीत चढवतात. म्हणजे पांढरा हा न लावलेला रंग आहे, तर सोनेरी हा मुद्दाम लावलेला. पण एवढ्यावर प्रश्न मिटत नाही, कारण ओठ लाल रंगवलेले आहेत आणि डोळ्यांनाही रेखाटन आहे. ज्याला ओठ रंगवता आले, त्याला गालही रंगवता आले असते. ते त्याने सोडले, ही निवडच आहे.

मात्र हे शिल्प ज्या ‘बनॅलिटी’ मालिकेतले आहे, तिचा विषय आपल्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात दिसणाऱ्या शोभेच्या बाहुल्या हाच आहे. लग्नात आहेर म्हणून आलेली आणि कोणीही न पाहणारी ती बाहुली माणसाएवढी केली तर काय होते, हे कून्स करून पाहतो. त्रिकोणी रचना मायकेलअँजेलोच्या ‘पिएता’ची, म्हणजे मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मरियमच्या शिल्पाची, आठवण करून देते. देव्हारा आणि शोकेस यांच्यामधली ही जागा आहे, आणि प्रसिद्धीला त्याच जागेत बसवलेले आहे.

जुईली

ज्येष्ठ सदस्यांच्या वाक्याला उत्तर देण्याआधी मला तारखा तपासाव्याशा वाटतात. शिल्प १९८८ चे आहे. आपल्या त्वचेतील रंगद्रव्य नाहीसे करणारा आजार आपल्याला आहे, हे जॅक्सनने फेब्रुवारी १९९३ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणी निवेदिका ऑप्रा विन्फ्रीने घेतलेल्या मुलाखतीत जाहीरपणे सांगितले आणि आपल्या वंशाचा अभिमान असल्याचेही त्याच वेळी सांगितले. २००९ मधील त्याच्या मृत्यूनंतरच्या शवविच्छेदन अहवालातही कोडाची नोंद आहे. म्हणजे शिल्प घडत असताना जगापुढे फक्त कुजबुज होती, आणि तुमच्या मंडळात रविवारी जे हसू आले ते मुलाखतीनंतर तीस वर्षे उलटून गेल्यावरही त्याच कुजबुजीतून आले.

माझ्या मावशीला कोड आहे. ‘कोड’ हा शब्द आमच्या घरी तिच्यासमोर उच्चारला जात नसे आणि तिच्या धाकट्या बहिणीचे स्थळ ठरताना तिला दोन दिवस दुसऱ्या नातेवाइकांकडे ठेवले होते. त्यामुळे पांढरे होण्याला कोणी हौस म्हटले की मला शिल्पापेक्षा म्हणणाऱ्याचाच चेहरा अधिक पाहावासा वाटतो. हा माझा वैयक्तिक राग आहे, हे मान्य. पण वर्षे वैयक्तिक नाहीत.

रोखठोक

२००१ मध्ये या शिल्पाची एक प्रत लिलावात ५६ लाख डॉलरला विकली गेली. अशा तीन प्रती आहेत. एवढी रक्कम मोजणाऱ्याने प्रसिद्धी विकत घेतली आहे, अर्थ आपण फुकट लावत बसलो आहोत.

पंचवटीकर

रोखठोक यांचा टोमणा मला आवडला, पण तो प्रश्नाच्या बाजूने निघून जातो.

१ नोव्हेंबर १९९६ रोजी जॅक्सनचा मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात कार्यक्रम झाला, तेव्हा आम्ही चौघे मित्र नाशिकहून गेलो होतो. ऑप्राच्या मुलाखतीला तोवर जवळपास पावणेचार वर्षे झाली होती, तरी परतीच्या प्रवासात आम्ही पहाटेपर्यंत ‘पैसे देऊन गोरा झाला’ याच विषयावर बोलत होतो. गाण्यांविषयी कसारा घाट संपेपर्यंत कोणीच बोलले नाही.

आपल्या गावात काळाराम आणि गोराराम ही दोन्ही मंदिरे पंचवटीतच आहेत. मूर्तीच्या दगडावरून देवाला नाव पडले. रामाला गोरे व्हायचे होते, असे गोरारामासमोर उभे राहून कोणी म्हणत नाही. दगड हा दगड आहे, हे आपल्याला तिथे कळते. आणि त्याच काळ्या मूर्तीच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू करावा लागला, हेही खरे. अमेरिकेतील वंशभेद आणि इथली जात एकच नव्हेत. तरीही दुसऱ्याच्या वंशाविषयी बोलताना आपला आवाज इतका सहज का चढतो, हे मला त्या पायऱ्यांवर बसून कधी कधी कोडे वाटते.

एक बाब मात्र कोणीच उपस्थित केली नाही. काळ्या माणसांना माकडांच्या पंक्तीत बसवण्याचा युरोप-अमेरिकेतील इतिहास लांब आणि क्रूर आहे. शिल्पात माणूस आणि चिंपांझी यांना सारखे कपडे, सारखे सोने आणि सारखा पांढरा चेहरा दिला आहे. चिंपांझी खरोखर त्याने पाळलेला होता, एवढे सांगून हा प्रश्न सुटतो असे मला वाटत नाही.

गंगापूररोडकर

पंचवटीकर, तुमचा शेवटचा मुद्दा मंडळातील एकाही माणसाला सुचला नाही. मलाही नाही, आणि मी तर आठवडाभर तयारी केली होती. जुईलीताई, तुमची वर्षे मी त्या ज्येष्ठ सदस्यांना दूरध्वनीवरून सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी विचारले, ‘चिंपांझीचाही चेहरा पांढरा होता का? मी पाहिलेच नाही.’ पुढच्या बैठकीत तेच छायाचित्र पुन्हा लावणार आहे.