डार्थ वेडर आदिलशाही सरदार असता तर? चारआईना, घोंगडी आणि काळा अंगरखा

सुईदोरा_शहापूर
कॉस्प्लेसाठी (पात्राच्या वेशात जाण्यासाठी) ‘स्टार वॉर्स’ सिनेमांतला काळा खलनायक डार्थ वेडर करायचा आहे, पण तयार प्लास्टिकचा सूट नको. 1686 ला विजापूर पडायच्या आधी आपल्या बेळगाव मुलखात हा गडी सरदार असता तर काय ल्याला असता, तसा पोशाख हवा. काळा अंगरखा, वर चारआईना (पत्र्यांचं चिलखत), पाठीवर काळी घोंगडी इथवर ठरलंय. उंची 5 फूट 8 इंच, छाती 40. छातीवरच्या दिव्यांच्या पेटीचं काय करायचं, मुखवटा कसा करायचा आणि अंगरख्याला कापड किती लागेल?

पत्रे_आणि_कड्या
पेटी वेगळी करूच नका. चारआईना म्हणजे चार पत्रे: छाती, पाठ आणि दोन बगला. छातीचा पत्रा हीच वेडरची पेटी. त्यावर दिवे लावलेत की शाळेच्या गॅदरिंगचा फॅन्सी ड्रेस झाला म्हणून समजा. मध्यावर 12 बाय 7 सेंमीची उठावाची चौकट करा, आत पितळी टिकल्या ओळीने बसवा, एकच लाल काचेची. एवढ्यावर लोक ओळखतात.

पत्रे 5 मिमी ईव्हीए फोमचे (रबरासारखा हलका, दाट फोम). छाती-पाठ 26 बाय 20 सेंमी, बगलेचे 20 बाय 15, आणि बगलेच्या पत्र्याची वरची कड चंद्रकोरीसारखी खोल कापा. सरळ ठेवली तर हात खाली येताच पत्रा वर सरकून काखेत रुततो. हीटगनने गरम करून मांडीवर वाकवा, निवेपर्यंत दाबून धरा. रबरी सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून 10-15 मिनिटं वाळू द्या, मग चिकटवा. ओलं असताना जोडलेलं उन्हात सुटतं. रंगाच्या आधी पांढऱ्या फेविकॉलचे पातळ तीन-चार हात द्या, नाहीतर फोम रंग पिऊन घेतो आणि वाकला की तडे जातात.

मुखवट्याला जागाच नाही इथे. वेडरच्या शिरस्त्राणावर जपानी सामुराईची छाप आहे हे सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडे त्या जागी कड्यांची झालर असलेला लोखंडी टोप आणि वरखाली सरकणारी नाकपट्टी. झालर पुढून ओठांपर्यंत ओढली की चेहरा जातो, फक्त डोळे उरतात. 1.6 मिमी तार, आतून 8 मिमी कडी, एकेका कडीत शेजारच्या चार ओवायच्या. आधी 10 बाय 10 सेंमीचा तुकडा विणून कड्या मोजा, मग तारेचा हिशेब करा. लोखंडाऐवजी ॲल्युमिनियम घेतलंत तर वजन तिसऱ्या हिश्शावर येतं. झालर थेट फोममध्ये ओवू नका, भोकं फाटतात. टोपाच्या कडेला आतून चामड्याची पट्टी शिवा आणि तिला ओवा. मागची झालर पुढच्यापेक्षा दीडपट लांब ठेवा, नाहीतर टोप डोळ्यांवर घसरतो. डोक्याचा घेर 58 सेंमी असेल तर टोप 62 चा, आत रुईची (कापूस भरलेली) टोपी बसायला हवी.

कळीदार
अंगरख्याला 44 इंच पन्ह्याचं खादी किंवा जाड सुती, 5 मीटर. आठ कळ्या (वर अरुंद, खाली रुंद पट्ट्या), वर 2 इंच, खाली 11 इंच, शिवणीची माया वेगळी. उलटसुलट मांडून कापा, कापड वाचतं. घेर 120 इंचांच्या आसपास येतो. कळ्यांची कड तिरकी असते, म्हणून शिवून झाल्यावर अंगरखा एक रात्र टांगून ठेवा आणि मगच खालची दुमड घाला. घाई केलीत तर आठवड्यात घेर खालीवर लोंबायला लागतो.

काखेत 4 इंच चौरसाचा चौबगला (जोडतुकडा) हवाच. आजकाल टेलर तो गाळतात. मग तलवार उगारली की अख्खा घेर वर येतो, नाहीतर काख उसवते.

आणि बंद (बांधायच्या नाड्या) कुठल्या बाजूला ते आधी ठरवा. त्या काळच्या रिवाजात हिंदू डावीकडे बांधत, मुसलमान उजवीकडे. सरदार कोण ते ठरल्याशिवाय कात्री लावू नका, परदा (छातीवर आतून येणारा भाग) उलटा पडला तर पुढचा भाग पुन्हा कापावा लागेल.

हिरडा_खानापूर
बाजारातला काळा निळसर चमकतो, फोटोत लगेच कळतो. कापड चांगलं धुऊन खळ काढा. 1 किलो कापडाला 150 ते 200 ग्रॅम हिरड्याची पूड, कोमट पाण्यात रात्रभर, पिळून वाळवा. मग लोखंडाचं पाणी: गंजके खिळे आणि गूळ पाण्यात 15-20 दिवस आंबवून गाळलेलं. त्यात बुडवलं की डोळ्यांदेखत करडं, मग काळं होत जातं. पाणी जपून घ्या. लोखंड जास्त झालं तर कापड कुजल्यासारखं फाटतं. रंग किंचित तपकिरीकडे झुकतो. झुकू द्या, तेच खरं दिसतं.

सुईदोरा_शहापूर
सगळ्यांचे आभार. सरदार हिंदू, बंद डावीकडे. घोंगडी गळ्याशी बांधली तर चालेल का? खूप जड आहे.

पत्रे_आणि_कड्या
नको, तासाभरात गळा आवळतो. चारआईन्याच्या खांद्यांवरच्या पट्ट्यांना दोन्हीकडे पितळी कडी लावा आणि घोंगडी तिथे अडकवा, म्हणजे भार खांद्यांवर जातो. घोंगडी कात्रीने कापू मात्र नका, लोकर सुटत जाते. लांबी जास्त असेल तर वरून दुमडा. नवीन घोंगडी चिंचोक्याच्या खळीने ताठ असते; झग्यासारखी पडायला हवी तर एकदा थंड पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. गरम पाणी लागलं तर आटते.

कळीदार
तलवार म्हणून लाकडी धोप (सरळ पात्याची तलवार) करा आणि वेडरच्या तलवारीचा लाल रंग पात्याला नको, म्यानाला द्या. लाल खणाचा म्यान, तेवढाच लाल.