पेटी ठेवावी की बंद करावी? द्यूफाईचे ‘आवे मारिस स्तेला’ बसवताना

पाचपाखाडीकर :
आम्ही तिघे ठाण्यात दर रविवारी जमून पंधराव्या शतकातील युरोपीय संगीतकार ग्योम द्यूफाई याने स्वरबद्ध केलेले ‘आवे मारिस स्तेला’ हे मरियामातेचे जुने लॅटिन स्तोत्र बसवत आहोत. आम्हा दोघींची तालीम ख्यालगायकीची आहे, तर तिसरे सभासद लहानपणापासून चर्चच्या गायनवृंदात गात आले आहेत. प्रतीत दोनच स्वरओळी दिसल्यामुळे ती अपुरी असावी, असे आम्हाला वाटते. सूर सुटू नये म्हणून आम्ही पेटी धरतो, तरीही ध्वनिमुद्रणांत जो भरीव, स्थिर नाद ऐकू येतो तो आमच्याकडून निघत नाही. काही जुन्या ध्वनिमुद्रणांत वाद्ये आहेत, अलीकडच्या बहुतेकांत नाहीत. यांतले खरे कोणते?

नेरूळचा वाचक :
प्रत पुरी आहे. या पद्धतीला फोबूर्दों म्हणतात. वरचा गायक मूळ चाल थोडी सजवून गातो, खालची ओळ बहुतांशी त्याच्यापासून सहाव्या स्वराच्या अंतरावर चालते आणि टप्प्याच्या शेवटी सप्तकाच्या अंतरावर जाऊन विसावते. मधल्या गायकाने वरचीच ओळ समोर ठेवून ती मध्यमभावाने, म्हणजे चौथ्या स्वराच्या अंतराने, खाली गायची असते, म्हणून त्याची ओळ कोणी लिहिलीच नाही. सात कडव्यांपैकी विषम कडवी एकसुरी (सर्वांनी मिळून एकच ओळ) मूळ चालीत आणि सम कडवी या तीन आवाजांत, अशी वाटणी करावी. पट्टी लेखनात बांधलेली नाही, तेव्हा तुमच्या गळ्यांना सोसेल ती घ्या. चाल आपल्या काफी थाटाच्या स्वरांत बसते आणि आरंभीच षड्जावरून पंचमावर जाते, त्यामुळे तुम्हा दोघींना ती परकी वाटू नये.

पेटी मात्र बंद करावी. तिचा पंचम जवळजवळ शुद्ध असला तरी गांधार चढा असतो, आणि खालच्या दोन आवाजांतले अंतर बहुतांशी गांधाराचेच असल्यामुळे तो दोष दर क्षणी कानावर येतो. तंबोराही एकसुरी कडव्यांपुरताच ठेवावा, कारण खालची ओळ हलू लागली की अचल षड्ज तिच्याशी भांडतो.

घंटाळीतून :
पेटीबद्दल सहमत आहे, कारणाबद्दल नाही. तंबोऱ्यातून ऐकू येणारा गांधार षड्जाशी 5:4 या कंपनप्रमाणाचा. द्यूफाईच्या काळी शिकवले जाणारे स्वरांचे गणित पायथागोरसचे होते व त्यात तो 81:64, म्हणजे पेटीच्या गांधाराहूनही किंचित चढा येतो. बार्तोलोमे रामोस या स्पॅनिश संगीतशास्त्रज्ञाने 5:4 चा पुरस्कार करणारा ग्रंथ इटलीतील बोलोन्यात 1482 मध्ये छापला, तेव्हा द्यूफाई जाऊन आठ वर्षे झाली होती. अर्थात गायक गणित समोर ठेवून गात असतील असे मला वाटत नाही. टप्प्याच्या अखेरीस गांधार नसतो, उरतात फक्त षड्ज, पंचम आणि तार षड्ज. तिथे पोचण्याआधीचा गांधार थोडा अस्वस्थ राहिला तर विसावा अधिक गोड लागतो, एवढे करून पाहावे.

वाद्यांविषयी : 1970 च्या आसपास डेव्हिड मन्रो यांच्यासारखे कलावंत या काळाच्या संगीतात वाद्ये मोकळेपणाने वापरत, पुढच्या दशकात हिलियर्ड आँसाँब्ल या इंग्लंडमधील गायकवृंदासारख्या मंडळींमुळे केवळ कंठांचा पक्ष बळावला. या बाबतीत मला द्यूफाईच्या 1474 च्या मृत्युपत्राइतका बोलका पुरावा दुसरा वाटत नाही. आपल्या अखेरच्या घटकेला शय्येजवळ आठ गायकांनी एक स्तोत्र हलक्या आवाजात गावे, आणि त्यानंतर चर्चमधील मुले, त्यांचे गुरू व आणखी दोन गायक यांनी आपली ‘आवे रेजिना चेलोरुम’ ही रचना गावी, असे त्याने लिहून ठेवले. तेवढा वेळ मिळाला नाही, म्हणून दोन्ही अंत्यविधीत गायली गेली. त्या यादीत वाद्याचा उल्लेख नाही. वरची ओळ मुलांकडे होती, तेव्हा ती तुम्ही दोघींनी गाण्यात काही वावगे नाही.

पाचपाखाडीकर :
दोघांचेही आभार. काल पेटी बंद ठेवून गायलो. मधली ओळ मी घेतली. वरची चाल डोळ्यांसमोर असूनही चौथा स्वर खाली राखणे तीन आवाजांतल्या पहिल्या दोन कडव्यांत जड गेले. सहाव्या कडव्यापर्यंत पट्टी बरीच उतरली होती, तरी तिघेही एकमेकांशी मिळून होतो. सातव्या कडव्याच्या आधी तंबोरा लावला तर तो फरक उघडा पडतो. तिथे तो न लावता तसेच संपवावे का?

नेरूळचा वाचक :
होय. तंबोरा पहिल्या कडव्यापुरताच ठेवा. पुढची एकसुरी कडवी आधीच्या कडव्याच्या अखेरच्या षड्जावरूनच उचला.