घरून साबण आणि मेणबत्त्या: लायसन्स, किंमत आणि दिवाळीची ऑर्डर, मदत हवीये

वारजेकरीण
नमस्कार मंडळी. मी घरी साबण आणि सुगंधी मेणबत्त्या करते, साबण म्हणजे तयार बेस वितळवून त्यात रंग-सुगंध घालून साच्यात ओतायचा तो, मेल्ट अँड पोर, आणि मेणबत्त्या सोया वॅक्सच्या, काचेच्या बरणीतल्या. आत्तापर्यंत सोसायटीतल्या बायका, बहिणीची भिशी, नवऱ्याचं ऑफिस एवढ्यातच विकलं जायचं पण आता हिंजवडीतल्या एका कंपनीने दिवाळीच्या गिफ्ट बॉक्ससाठी विचारलंय, एका बॉक्समध्ये दोन साबण आणि एक मेणबत्ती, आणि त्यांच्या एचआरचा पहिलाच प्रश्न होता की साबणाचा लायसन्स नंबर काय. माझं उद्यम रजिस्ट्रेशन आहे, ते चालेल का? घरच्या स्वयंपाकघरात केलेल्या साबणाला लायसन्स मिळतं का?
दुसरं म्हणजे पाऊस सुरू झाल्यापासून साबणाला घाम फुटतोय, सकाळी बघावं तर वडीवर बारीक बारीक थेंब. मेणबत्तीचंही एक आहे, मधोमध खड्डा पडून वात खाली खाली जाते आणि कडेचं मेण तसंच राहतं. शिवाय मला कॉस्टिक सोडा वापरून खरा साबण करायला शिकायचंय, पण घरात अडीच वर्षांचं पोर आहे म्हणून हात धजत नाही.
मेणबत्ती १९९ ला विकते, सगळे म्हणतात स्वस्त आहे, वाढव. किती वाढवू? ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, ऑर्डरला हो म्हणायचं की नाही हे लवकर ठरवायचंय.

नऱ्ह्यातला_गाळा
ताई, उद्यम पुरेसं नाही. उद्यम म्हणजे तुमचा धंदा छोटा-सूक्ष्म आहे याची नोंद, ती फुकट ऑनलाइन होते आणि असावीच, पण साबण बनवायची परवानगी ती देत नाही. अंगाला लावायचा साबण कायद्याने कॉस्मेटिक आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात आधी साबण वगळला होता, १९८२ च्या दुरुस्तीत ती सूट गेली. आता २०२० चे कॉस्मेटिक्स रूल्स लागू आहेत, विकण्यासाठी बनवायचं असेल तर राज्याच्या एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे, फॉर्म सीओएस-५ भरायचा, लायसन्स सीओएस-८ मध्ये मिळतं. केमिस्ट्री किंवा फार्मसी शिकलेली देखरेख करणारी व्यक्ती दाखवावी लागते, मालाची तपासणी लागते, आणि घरून काम करणाऱ्यांची गाडी जिथे अडते ती अट म्हणजे जागा राहण्यासाठी वापरात नको आणि राहत्या घराला जोडलेलीही नको. म्हणजे टूबीएचकेच्या किचनवर लायसन्स मिळत नाही. मी म्हणूनच नऱ्ह्यात छोटा गाळा घेतला.
आणि "मी तर फक्त बेस वितळवते" हे चालत नाही. कायद्यातली "बनवणे" याची व्याख्या फार मोठी आहे, विकण्यासाठी माल बदलणं, सजवणं, पॅक करणं, लेबल लावणं, सगळं त्यात येतं.
पण म्हणून ऑर्डर सोडू नका. दोन रस्ते आहेत. एक लोन लायसन्स, म्हणजे ज्याच्याकडे लायसन्स आहे त्याच्या कारखान्यात तुमच्या नावाने माल करून घ्यायचा, त्याचा अर्ज सीओएस-६. दुसरा त्याहून सोपा, लायसन्सवाल्या छोट्या उत्पादकाकडून तुमच्या पसंतीचा सुगंध-आकार सांगून साबण बनवून घ्या, लेबलवर बनवणारा तो आणि विकणाऱ्या तुम्ही, दोन्ही नावं-पत्ते, आणि त्याचा लायसन्स नंबर. कॉस्मेटिक नुसतं विकायला वेगळं लायसन्स लागत नाही. मेणबत्ती या कायद्यात येतच नाही, ती घरी बिनधास्त करा. बॉक्समध्ये उटणं घालायचा मोह होईल, पण तेही अंगालाच लावायचं, तेही कॉस्मेटिकच.

कर्वेनगर_कट्टा
एवढं घाबरवू नका हो त्यांना. प्रत्येक एक्झिबिशनमध्ये दहा टेबलं साबणाची असतात, कुणाकडे लायसन्स असतं? आधी धंदा तर उभा राहू दे, मग बघता येईल कागदाचं.

नऱ्ह्यातला_गाळा
@कर्वेनगर_कट्टा कंपनीने नंबर लेखी मागितलाय, तिथे "मग बघू" कसं चालेल? आणि कागद बाजूला ठेवा, उद्या कुणाच्या लहान मुलाच्या अंगावर पुरळ उठलं तर बॅच नंबर नाही, घटक लिहिलेले नाहीत, काय दाखवणार? मला हा व्यवसाय मनापासून आवडतो म्हणून सांगतोय, चांगलं काम करणाऱ्या बायकांचं नाव एका तक्रारीने जाऊ नये. आणखी एक, "पिंपल्स जातात", "एक्झिमा बरा होतो" असलं लेबलवर किंवा इन्स्टावर अजिबात लिहू नका, बरं करण्याचा दावा केला की तो साबण औषधाच्या बाजूला जातो. आयुर्वेदिक म्हणून विकायचा तर आयुषचं लायसन्स वेगळं.

रसायनवाल्या_काकू
मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होते, आता निवृत्त आहे, घरच्यापुरता साबण करते. अगं तुझ्या थेंबांचं आधी सांगते. तो घाम साबणाचा नाही, हवेतलं पाणी आहे. मेल्ट अँड पोर बेसमध्ये ग्लिसरीन भरपूर असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात हे होणारच. वडी साच्यातून काढली की लगेच क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळ, उघडी रात्रभर ठेवूच नकोस, आणि लवकर घट्ट व्हावी म्हणून फ्रीजमध्येही नको, बाहेर आल्यावर जास्त पाणी धरते.
आता कॉस्टिक. प्रत्येक तेलाला किती कॉस्टिक लागतं ते ठरलेलं असतं. खोबरेल तेलाला ग्रॅममागे ०.१८३ ग्रॅम, ऑलिव्हला साधारण ०.१३४. म्हणजे ५०० ग्रॅम खोबरेलाला ९१.५ ग्रॅम, त्यातून ५ टक्के कमी धरायचं म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं आणि साबण कातडी ओढत नाही, तर झालं ८७. ऑलिव्हच्या ५०० ग्रॅमला हाच हिशोब ६४ वर येतो. आता कुणी रेसिपी तीच ठेवून नुसतं तेल बदललं तर २३ ग्रॅम कॉस्टिक जास्तीचं पडलं, तो साबण अंग भाजेल. म्हणून वजन ग्रॅमच्या काट्यावर, वाटी-चमच्याने नाही, आणि तेल बदललं की हिशोब नव्याने.
कॉस्टिक नेहमी पाण्यात घालायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. नुसत्या मिसळण्याने पाणी चहाच्या आधणासारखं तापतं आणि नाकात झोंबणारी वाफ निघते. भांडं स्टीलचं किंवा जाड पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचं, ॲल्युमिनियमचं पातेलं चुकूनही नको, त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. डोळ्यांना गॉगल, हातात ग्लोव्हज, अंगावर उडालं तर वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरायचं, व्हिनेगर चोळत बसायचं नाही. नाल्या साफ करायची पावडर मिळते ती नको, शुद्धता लिहिलेलं कॉस्टिक घे.
तेलात हे कॉस्टिकचं पाणी घालून ब्लेंडर फिरवलं की आधी पिवळट पातळ असतं, मग हळूहळू कस्टर्डसारखं होतं, ब्लेंडर उचलून त्याच्यावरून थेंब सांडले तर थेंबांची रेघ क्षणभर वर दिसते, ती दिसली की साच्यात ओतायचं. मग वड्या कापून चार ते सहा आठवडे वाऱ्यावर. पावसाळ्यात जास्तच लागतात.
पण अडीच वर्षांचं मूल घरात असताना नको गं. ते पांढरे दाणे साखरेसारखे दिसतात. पोर मोठं होऊ दे, किंवा जागा वेगळी होऊ दे. विकायचा साबण तर तसाही घरात करता येणार नाहीये, तेव्हा घाई कशाची? शिकायचं असेल तर माझ्याकडे ये, माझ्या गॅलरीत करून दाखवते.

वात_आणि_मेण (बाणेर)
मेणबत्तीवर मी लिहिते, रोज हेच करते. मधोमध खड्डा म्हणजे वात बरणीच्या मानाने बारीक आहे. बरणीचा आतला व्यास मोज आणि त्यासाठी वातीचे तीन-चार नंबर आण, सारख्याच बरण्यांत सारखंच मेण ओतून शेजारी शेजारी जाळ. तीन-चार तासांत वितळलेलं मेण कडेपर्यंत पोचलं पाहिजे आणि त्याची खोली एक सेंटीमीटरच्या आसपास हवी. कडेपर्यंत जात नाही म्हणजे वात लहान, ज्योत नाचतेय, काचेवर काजळी धरतेय, वातीच्या टोकाला काळं बोंड येतंय, बरणी हातात धरवत नाही, म्हणजे वात मोठी. सुगंध बदलला तरी टेस्ट परत, कारण प्रत्येक तेलाने जळणं बदलतं, व्हॅनिलाला चाललेली वात मोगऱ्याला चालेलच असं नाही. आणि गिऱ्हाईकाला कार्डावर छापून दे, पहिल्यांदा लावाल तेव्हा कडेपर्यंत वितळेस्तोवर विझवू नका, एका वेळी चार तासांच्या वर जाळू नका, वात दर वेळी कापा.
सोया वॅक्स ओतल्यावर आठवडा-दोन आठवडे झाकण लावून ठेव, सुगंध तेव्हा बसतो. दिवाळीच्या ऑर्डरीचं ओतणं आदल्या आठवड्यावर ठेवू नकोस.
बरण्या रविवार पेठेत, बोहरी आळीत भरपूर मिळतात, बॉक्स, रिबिनी पण तिथेच. पण एकदम पेटी उचलू नको, एकच नग आणून शेवटपर्यंत जाळून बघ. सरबताचे पातळ ग्लास दिसायला छान असतात पण तळाशी ज्योत आली की तडकतात. मेण वितळवताना थेट गॅसवर नाही, पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवून, थर्मामीटर लावून. पेट घेतलाच तर पाणी मारायचं नाही, झाकण टाकून गॅस बंद.
आता किंमत. १५० ग्रॅमची मेणबत्ती धरते, माझ्या खरेदीच्या भावाने. मेण ५४ रुपये, सुगंध ८ टक्के म्हणजे १२ ग्रॅम, त्याचे २४, झाकणाची बरणी ४८, वात आणि ती तळाला चिकटवायचं स्टिकर ५, खोकं-लेबल २५. झाले १५६. १९९ ला विकलीस तर ४३ उरले, एक्झिबिशनवाल्याने २० टक्के घेतले की त्यातले ४० गेले. तीन रुपयात तुझा हात, गॅस, फुटलेली बरणी, टेस्टला जाळलेल्या मेणबत्त्या सगळं आलं. स्वतःची मजुरी तासाच्या हिशोबाने लिहूनच काढ, बायका तीच सोडून देतात. माझ्या मते किरकोळ ३९९ आणि कंपनीला घाऊक ३०० च्या खाली जाऊ नकोस. आणि निम्मे पैसे आगाऊ, नंतर पेमेंटसाठी फोन करत बसायला वेळ नसतो.

सदाशिव_पेठी_हिशोब
करांचं थोडक्यात. राज्यातल्या राज्यात नुसता माल विकताय तर वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावायचा नाही, साधं बिल द्यायचं, कंपनीला हे आधीच सांगा कारण त्यांना क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळणार नाही. परराज्यात पाठवायला लागलात की नोंदणीचा प्रश्न येतो, हस्तकलेच्या वस्तूंना अटींसह सूट आहे आणि त्या यादीत हाताने केलेल्या मेणबत्त्या आहेत, पण साबण त्यात धरू नका, सीएला विचारूनच करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाच्या साबणाची वडी आणि मेणबत्त्या दोन्ही ५ टक्क्यांत आल्यात, त्यामुळे पुढे नोंदणी केलीत तरी पूर्वीइतका बोजा नाही. शॉप ॲक्टचं ऑनलाइन इंटिमेशन, म्हणजे धंदा सुरू असल्याची सूचना, करून ठेवा, चालू खातं उघडताना बँका मागतात.
पॅकवर नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसहित एमआरपी, तक्रारीसाठी फोन-ईमेल हवा. मेणबत्तीचं वजन म्हणजे मेणाचं, बरणीसकट नाही.

वारजेकरीण
सगळ्यांचे खूप आभार, इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. आज एचआरशी बोलले. मेणबत्ती माझी, साबण लायसन्सवाल्याकडून माझ्या सुगंधात, असं सांगितलं तर त्या उलट खूश झाल्या, मेणबत्तीचा दर ३१० पर्यंत मान्य केलाय, आगाऊचं विचारून सांगतायत. @नऱ्ह्यातला_गाळा दादा, तुम्ही दुसऱ्यांसाठी माल करून देता का? कमीत कमी किती वड्या लागतात? @काकू मी नक्की येणार, पोराला आईकडे ठेवून. कॉस्टिक घरात आणत नाही, शब्द देते.
शेवटचं एकच, ऑक्टोबरच्या उन्हात टेम्पोतून मेणबत्त्या न्यायच्या, वितळतील का? आणि साबण-मेणबत्ती एकाच बॉक्समध्ये चालतं ना?

नऱ्ह्यातला_गाळा
करून देतो ताई, मेसेज करा. सुगंध आधी ठरवा, नमुना वड्या देतो, घरात महिनाभर वापरा आणि मगच ऑर्डर पक्की करा. माझ्याकडे कॉस्टिकचा साबण आहे, वाळायला वेळ लागतो, तेव्हा गणपतीच्या आधी सांगितलंत तर बरं.

वात_आणि_मेण (बाणेर)
बरणीतलं सोया मऊ असतं, पन्नास डिग्रीच्या आसपास वितळतं आणि उन्हात उभ्या बंद टेम्पोत तेवढं सहज होतं. सकाळी लवकर भर, हिंजवडीचं ट्रॅफिक लागायच्या आत पोचव, बरण्या उभ्याच ठेव. मेणात थोडं स्टिअरिक ॲसिड किंवा मधमाशीचं मेण मिसळलं तर घट्टपणा येतो, पण मग वात परत टेस्ट करावी लागेल, लक्षात ठेव. एका बॉक्समध्ये चालतं, फक्त साबण बटर पेपरात गुंडाळून पुठ्ठ्याच्या वेगळ्या कप्प्यात ठेव आणि मेणबत्तीचं झाकण घट्ट बसतंय बघ, नाहीतर दोन्हीचे वास एकमेकांत मिसळतात. शक्यतो दोन्हीला एकच सुगंध घे.