नवे ग्राफिक्स कार्ड बसवल्यापासून संगणक मध्येच बंद पडतो: दोष एसएमपीएसचा की स्लॉटचा, हे कसे ठरवावे?

नमस्कार. माझ्या डेस्कटॉप संगणकात जुन्या ग्राफिक्स कार्डाच्या जागी अधिक क्षमतेचे कार्ड बसवल्यापासून संगणक कामाच्या मध्येच अचानक बंद पडू लागला आहे. निळा पडदा येत नाही, चित्र गोठत नाही, आवाजही अडखळत नाही. चालू संगणक एका क्षणात काळा होतो. बहुतेक वेळा तो आपणहून पुन्हा सुरू होतो. काही वेळा मात्र तो तसाच पडून राहतो आणि एसएमपीएसच्या (संगणकातल्या सर्व भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मागचे बटण बंद करून थोड्या वेळाने पुन्हा चालू केल्याखेरीज समोरच्या बटणाला दाद देत नाही. मला जमली तेवढी तपासणी मी केली आहे, पण तिच्यातून हाती आलेल्या खुणा दोन निरनिराळ्या भागांवर संशय घ्यायला लावतात, आणि अंदाजाने एकेक भाग बदलत जाणे मला पटत नाही.

आधी यंत्राची माहिती देते. प्रोसेसर एएमडी रायझन ५ ५६००, मदरबोर्ड बी५५० चिपसेटचा, रॅम ३२ जीबी डीडीआर४, एक एनव्हीएमई एसएसडी आणि विंडोज ११. एसएमपीएस ५५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ शिक्क्याचा आणि सुमारे सहा वर्षांचा जुना आहे; त्याच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रेलसमोर (कार्ड आणि प्रोसेसर यांना वीज देणाऱ्या वाहिनीसमोर) ४२ अँपिअर, म्हणजे ५०४ वॉट, असे छापले आहे. जुने कार्ड १२० वॉटचे होते आणि त्याला सहा पिनांचा एकच कनेक्टर लागत असे. नवे २५० वॉटचे आहे आणि त्याला आठ पिनांचे दोन कनेक्टर आहेत. शिवाय जुने कार्ड पीसीआय एक्स्प्रेस (कार्ड आणि मदरबोर्ड यांना स्लॉटमधून जोडणारी पद्धत) ३.० चे होते आणि नवे ४.० चे आहे. हा शेवटचा फरक कृपया लक्षात ठेवावा, कारण पुढचा सगळा गुंता त्याच्यामुळेच झाला आहे.

संगणक केव्हा बंद पडतो आणि केव्हा पडत नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डावर तासन्‌तास रेंडर (अंतिम चित्र तयार करण्याचे काम) चालू ठेवले, कार्ड पूर्ण क्षमतेने राबत राहिले, तरी काही होत नाही. कार्डावर एकसारखा ताण देणारी चाचणीही निर्विघ्न पार पडते. पण खेळात एखादे दृश्य संपून दुसरे लोड होताना, मेनूमधून पुन्हा खेळात शिरताना किंवा ब्लेंडरच्याच व्ह्यूपोर्टमध्ये (काम करण्याच्या खिडकीत) जड देखावा फिरवायला सुरुवात करताना तो बंद पडतो. म्हणजे ताण किती आहे यापेक्षा तो किती झटक्यात बदलतो, याच्याशी या बिघाडाचा संबंध दिसतो. रेंडर सुरक्षित राहतो आणि देखाव्यात केलेले न साठवलेले बदल हातातून जातात, म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी निकडीचा आहे.

नेहमीच्या शंका थोडक्यात निकालात काढते. जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढण्याच्या साधनाने पूर्ण काढून नवा टाकला आहे. बायोस अद्ययावत केले आहे. सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची बायोसमधली सोय) बंद आहे, आणि रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू किंवा बंद ठेवून फरक पडत नाही. रॅमला वाढीव वेग देणारे एक्सएमपी प्रोफाइल काढून पाहिले, मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी एकही त्रुटी न दाखवता पूर्ण झाले, आणि केवळ प्रोसेसरवर ताण देणारी प्राइम९५ ही चाचणीही नीट चालली. कार्डाचे तापमान सत्तरीच्या घरात राहते. आठ पिनांच्या दोन कनेक्टरांसाठी एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबल आणल्या आहेत. एकाच केबलची दोन तोंडे वापरलेली नाहीत. संगणक यूपीएस वगळून थेट भिंतीवरच्या सॉकेटला जोडला, तरी प्रकार तोच.

विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दर वेळी कर्नल-पॉवर ४१ ही नोंद सापडते. तिच्यावरून कारण कळत नाही, हे मला ठाऊक आहे, कारण मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झाले नव्हते, एवढेच ती पुढच्या सुरुवातीला सांगते. मात्र तिच्या तपशिलात बगचेककोड (निळ्या पडद्यामागच्या चुकीचा क्रमांक) ० असतो. म्हणजे विंडोजला स्वतःची चूक पकडून निळा पडदा दाखवण्याइतकाही अवधी मिळत नाही. ड्रायव्हर अडकला असता तर डिस्प्लेची ४१०१ ही नोंद दिसण्याची शक्यता होती. ती एकदाही दिसली नाही. त्यामुळे ड्रायव्हरवरचा माझा संशय जवळजवळ संपला आहे.

आता पहिला संशयित, एसएमपीएस. सरासरीचा हिशेब केला तर तो पुरायला हवा: कार्ड २५० वॉट, प्रोसेसर त्याच्या मर्यादेनुसार जास्तीत जास्त ७६ वॉट, बाकीचे सारे मिळून ५० वॉट धरले तरी बेरीज ३८० वॉटच्या आत राहते. पण सरासरीचा हिशेब इथे अपुरा पडतो. आधुनिक कार्डे काही मिलिसेकंदांपुरती, किंवा त्याहूनही कमी काळ, आपल्या ठरावीक वॉटेजच्या जवळजवळ दुपटीपर्यंत वीज ओढू शकतात. असा ५०० वॉटचा झटका आणि त्याच क्षणी प्रोसेसरचे ७६ वॉट एकत्र आले, तर १२ व्होल्टच्या रेलची ५०४ वॉटची मर्यादा ओलांडली जाते. एसएमपीएससाठी २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात असे क्षणिक झटके पेलण्याची अपेक्षा स्पष्ट लिहिलेली आहे. माझा एसएमपीएस त्याआधीचा आहे. ८० प्लस ब्राँझ हा शिक्का विजेच्या कार्यक्षमतेविषयी बोलतो, झटके सोसण्याविषयी काहीच सांगत नाही, त्यामुळे त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

मल्टीमीटरने मोजले तेव्हा निवांत असताना १२.१ आणि ताणाखाली ११.८ व्होल्ट दिसले. एटीएक्सनुसार ११.४ ते १२.६ व्होल्ट चालतात, म्हणजे आकडे मर्यादेत आहेत. परंतु मिलिसेकंदाची घसरण मल्टीमीटरला दिसणारच नाही, आणि संगणकातले सेन्सर वाचणारे एचडब्ल्यूइन्फो तर एक-दोन सेकंदांच्या अंतराने वाचन घेते. असे झटके पाहता येतील असा ऑसिलोस्कोप माझ्याकडे नाही. म्हणून या आकड्यांवरून एसएमपीएसला निर्दोष ठरवणे मला योग्य वाटत नाही.

दुसरा संशयित म्हणजे स्लॉट आणि कार्ड यांमधली जोडणी. याच काळात डब्ल्यूएचईए-लॉगर १७ या (विंडोजच्या, हार्डवेअरच्या त्रुटींविषयीच्या) नोंदीही येऊ लागल्या, आणि त्या पीसीआय एक्स्प्रेसच्या रूट पोर्टकडे, म्हणजे स्लॉटच्या मदरबोर्डकडच्या टोकाकडे, निर्देश करतात. ४.० मध्ये प्रत्येक लेनचा (माहितीच्या मार्गिकेचा) वेग सेकंदाला १६ गिगाट्रान्सफर, म्हणजे ३.० च्या दुप्पट असतो, त्यामुळे सिग्नल थोडाही बिघडला तर तो खपवून घेण्याची फारशी सवलत उरत नाही. १७ क्रमांकाची नोंद दुरुस्त झालेल्या त्रुटीची असते: चुकीचे आलेले पॅकेट पुन्हा मागवले गेले आणि काम पुढे चालू राहिले, असा तिचा अर्थ. अशा त्रुटीने संगणक बंद पडू नये. कार्ड काढून त्याचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, पुन्हा नीट बसवले, खाली वाकू नये म्हणून आधार दिला. कार्ड स्लॉटपासून दूर बसवण्याची रायझर केबल मुळातच नाही. तरी नोंदी येतच आहेत.

आता खरा पेच. बायोसमध्ये स्लॉटचा वेग सक्तीने ३.० ठेवला, तर १७ च्या नोंदी पूर्ण थांबतात. बंद पडणे मात्र थांबत नाही, पण लक्षणीय कमी होते. उलट स्लॉट ४.० वर ठेवून कार्डाची पॉवर लिमिट (कार्डाने ओढायच्या विजेची कमाल मर्यादा) ७० टक्क्यांवर आणली, तर बंद पडणे पूर्ण थांबते आणि १७ च्या नोंदी मात्र येत राहतात. यावरून माझा तर्क असा की हे दोन वेगळे दोष एकाच वेळी समोर आले आहेत: बंद पडणे विजेचे आणि नोंदी जोडणीच्या. तसे असेल, तर ३.० वर बंद पडणे कमी का व्हावे, हे मला उलगडत नाही. वेग कमी झाल्यामुळे दृश्य लोड होतानाचा झटका थोडा बोथट होतो, की त्या वेळी मी कार्ड पुन्हा बसवले होते त्याचा तो परिणाम, की हा निव्वळ योगायोग आहे? जुने कार्ड परत लावले की दोन्ही तक्रारी नाहीशा होतात, पण ते कमी वॉटचेही आहे आणि ३.० चेही, त्यामुळे त्या चाचणीने कोणताच संशयित सुटत नाही. हे सांगणे आवश्यक वाटले, कारण पहिला सल्ला बहुधा तोच मिळतो.

म्हणून जाणकारांना विनंती आहे की त्यांनी पुढील गोष्टींवर मार्गदर्शन करावे. संगणक कधी आपणहून सुरू होतो आणि कधी मागचे बटण फिरवेपर्यंत पडून राहतो, या दोन वागणुकींतून काही निष्कर्ष काढता येतो का? माझ्या समजुतीप्रमाणे व्होल्टेज क्षणभर घसरून पॉवर-गुड संकेत (वीज ठीक आहे असे एसएमपीएसने मदरबोर्डला कळवणारा) गेला तर संगणक पुन्हा सुरू व्हावा, आणि अतिभार संरक्षण लागले तर एसएमपीएस बंदच राहावा. दोन्ही दिसत असल्याने मूळ एसएमपीएसमध्येच आहे, असे म्हणणे कितपत ग्राह्य आहे? डब्ल्यूएचईएच्या नोंदी दुरुस्त झालेल्याच राहत असतील, तर ३.० वर कायमचे स्थिरावणे पुरेसे आहे, की कार्ड वॉरंटीत असताना ते दुसऱ्या ४.० च्या मदरबोर्डवर तपासून घ्यावे?

एका परिचितांचा ७५० वॉटचा एसएमपीएस काही काळ उसना मिळण्यासारखा आहे. तो त्याच्याच केबलींसह लावेन, कारण मॉड्युलर (एसएमपीएसपासून सुट्या होणाऱ्या) केबलींच्या एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना प्रत्येक उत्पादकाची वेगळी असते आणि केबली अदलाबदल केल्यास यंत्र जळू शकते. तो लावल्यावर स्लॉट ४.० वर आणि पॉवर लिमिट १०० टक्क्यांवर ठेवून चाचणी घ्यावी, की दोन गोष्टी एकदम न बदलता आधी ३.० वर घ्यावी, हे कळल्यास त्याच क्रमाने करून निष्कर्ष इथे नोंदवीन. तोपर्यंत पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर ठेवून रोजचे काम चालू ठेवले आहे. त्यात कार्डाला किंवा सहा वर्षांच्या त्या एसएमपीएसला काही धोका असेल, तर तेही कृपया सांगावे.