बाटल्या धुऊनही बिअर उसळते

प्रश्न: लंडनमध्ये घरी बिअर करतो. ५०० मिलीच्या जुन्या तपकिरी बाटल्या भांड्यांच्या साबणाने धुऊन ब्लीचमध्ये बुडवतो. तरी काही बाटल्या उघडताच उसळतात, शिवाय बँडेजसारखा वास येतो. कारण काय?

उत्तर १: ही दोन वेगळी दुखणी आहेत. वास ब्लीचचा: उरलेलं क्लोरीन बिअरमधल्या फेनॉलशी मिळून क्लोरोफेनॉल तयार होतं. ब्लीच बंदच करा. साबणाचा अंश राहिला तर फेस टिकत नाही, तोही नको. सोडियम परकार्बोनेट (ऑक्सिजन सोडणारी धुण्याची पावडर) लिटरला ५ ग्रॅम, ५०-६० अंशांच्या पाण्यात, रात्रभर. मग ब्रश आणि भरपूर पाणी. लेबलंही बहुतेक सुटून येतात.

उत्तर २: सगळ्याच उसळल्या असत्या तर साखर जास्त किंवा किण्वन अर्धवट म्हटलं असतं. मोजक्याच उसळतात, म्हणजे त्या बाटल्यांतली घाण. बाटली उजेडासमोर तिरकी धरा. मानेखाली किंवा बुडाशी करडं कडं दिसलं आणि ब्रशने गेलं नाही, तर ती फेकाच. त्या थराखाली जंतुनाशक पोचत नाही. बिअर ओतल्याबरोबर विसळलं तर कडं धरतच नाही.

उत्तर ३: भरण्याआधी स्टार सॅन (आम्लाचं जंतुनाशक), लिटरला १.५ मिली, २ मिनिटं. उलटी निथळा, परत धुऊ नका; त्याचा राहिलेला फेस चालतो. लंडनच्या जड पाण्यात मिश्रण गढुळतं. पीएच ३च्या वर गेला की ओतून द्या. डीआयोनाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्यात जास्त टिकतं.