मदत हवी आहे: गोल आयडीई केबलमुळे सीआरसी एरर येतात का?

जुना पेंटियम ४ डेस्कटॉप आहे, विंडोज एक्सपी आणि ८० जीबीची आयडीई (रुंद केबलने बोर्डाला जोडायची जुन्या प्रकारची) हार्डडिस्क. कॅबिनेटमध्ये हवा नीट खेळावी म्हणून चपटी केबल काढून गोल टाकली आणि तेव्हापासून मोठ्या फाइल कॉपी करताना मशीन मध्येच अडकतं, माउससुद्धा हलत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघितलं तर प्रायमरी चॅनल वेगवान अल्ट्रा डीएमए मोड ५ वरून पार पीआयओवर, म्हणजे जुन्या संथ मोडवर आलाय. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) १९९ नंबरचा सीआरसी एररचा, म्हणजे केबलवरून जाताना डेटा बिघडल्याचा आकडा वाढतोय, पण रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले डिस्कचे भाग) शून्य आहेत, म्हणून डिस्कवर संशय कमी.

चॅनल अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट केलं की मोड परत येतो पण पुन्हा घसरतो. निळा कनेक्टर बोर्डाला, काळा डिस्कला, जंपर मास्टरवर, एसएमपीएसही (पॉवर सप्लाय) बदलून झाला. चपटी लावली की आकडा थांबतो, पण तिचा कनेक्टर आता सैल झालाय. बॅकअप घेतलाय. मशीन बदलता येणार नाही, जुन्या डाँगलवरचं (परवान्यासाठी मशीनला लावायची किल्ली) अकाउंटिंग सॉफ्टवेअर त्यावरच चालतं.

माझी केबल ६० सेमी आहे आणि मर्यादा १८ इंच म्हणजे साधारण ४५ सेमी, हे माहितीये. पण ८० तारांच्या चपट्या केबलमध्ये प्रत्येक सिग्नलच्या तारेशेजारी ग्राउंडची तार असते, गोल केली की तो क्रमच मोडतो, मग खरा दोष लांबीचा की गोलपणाचा? ४५ सेमीची, प्रत्येक सिग्नलला स्वतःच्या ग्राउंडचा पीळ दिलेली गोल केबल मोड ५ वर कोणी रोज वापरलीये का, आणि तिच्यात १९९ चा आकडा स्थिर राहिला का?